वाळवंट, विमान आणि पेट्रोलचे डबे
सरोजिनी नगरच्या शेजारचं एक छोटं विमानतळ आणि तिथून सुरू होणारी हिशोबाची वाट

दिल्लीत खरेदीला गेलेला मराठी माणूस सरोजिनी नगरच्या बाजारात एक फेरी मारल्याशिवाय परतत नाही. पण या बाजारापासून पायी अर्ध्या तासावर एक जुनं विमानतळ आहे आणि एके काळी तिथून छोटी छोटी विमानं टपालाच्या थैल्या घेऊन थरचं वाळवंट ओलांडत थेट कराचीला जात, हे किती जणांना ठाऊक असतं? त्या वैमानिकांना सगळ्यात मोठी काळजी असायची ती पेट्रोल कुठे मिळेल याची. ही कहाणी त्या काळजीची.

सरोजिनी नगर म्हणजे स्वस्त कपड्यांचे ढीग, भाव करणाऱ्या मुली, हँगर नाचवत ओरडणारे विक्रेते आणि मुंगीलाही वाट मिळू नये अशी गर्दी. बाजाराच्या मागे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. एके काळी या भागाला विनय नगर म्हणत. पुढे कवयित्री आणि स्वातंत्र्यसेनानी सरोजिनी नायडूंचं नाव त्याला मिळालं. मंत्रालयांत नोकरीला आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी आपली उमेदीची वर्षं याच परिसरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये काढली. आता ती बैठी, पिवळी घरं पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०१८ मध्ये मेट्रोची पिंक लाइनही इथे आली. याच मार्गावर पुढे दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं स्टेशन लागतं.

बाजारातून बाहेर पडून लक्ष्मीबाई नगर ओलांडलं की अरविंद मार्गाच्या अंगाला एक लांबलचक भिंत दिसते. भिंतीपलीकडे दिल्लीच्या मधोमध न शोभणारं मोकळं मैदान. हेच सफदरजंग विमानतळ. शेजारी सफदरजंगच्या मकबऱ्याचा घुमट. आज इथे प्रवासी विमान उतरत नाही, तिकिटांच्या खिडक्या नाहीत, सामानाच्या ढकलगाड्या नाहीत. पण भारताच्या नागरी उड्डाणाचं बालपण ज्या मोजक्या मैदानांवर गेलं, त्यांतलं हे एक.

लाटसाहेबाच्या नावाचं मैदान

१९२९ च्या सुमारास हे मैदान विमानांसाठी वापरात आलं. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावावरून ते 'विलिंग्डन एअरफिल्ड' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मुंबईला जुहूचं मैदान तसं दिल्लीला हे. १९२८ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली फ्लाइंग क्लबचं घर इथेच होतं.

लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेजची टपालसेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. वाटेत विमान, आगगाडी, पुन्हा विमान अशी कसरत करत टपाल सात दिवसांत कराचीला पोहोचे. बोटीने लागणाऱ्या दिवसांच्या मानाने ही क्रांतीच होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर ही सेवा कराचीहून जोधपूरमार्गे दिल्लीपर्यंत आली. पण १९३१ संपता संपता दिल्ली-कराची हा टप्पा बंद पडला. आता काय करायचं?

तेव्हा पुढे आला तो दिल्ली फ्लाइंग क्लब! १९३२ च्या सुरुवातीपासून साधारण दीड वर्ष या क्लबने आपल्या चिमुकल्या मॉथ विमानांतून दिल्ली-कराची टपाल वाहून नेलं. जुलै १९३३ मध्ये इंडियन ट्रान्स-काँटिनेंटल एअरवेजची मोठी विमानं आली आणि क्लबची ही कामगिरी संपली.

मॉथ म्हणजे काय प्रकरण होतं हे समजून घेतलं पाहिजे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एकावर एक असे दोन पंख, उघड्यावर दोन जागा आणि पुढे शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. आजच्या साध्या मोटारगाडीइतकीच ताकद. वैमानिकाच्या तोंडावर वारा, डोळ्यांना गॉगल, मांडीवर नकाशा. रेडिओ नाही. खाली पाहायचं, रूळ दिसले की रुळांच्या मागे जायचं, नदी दिसली की नकाशावर बोट ठेवायचं.

पाच डब्यांचं गणित

दिल्ली ते जोधपूर सरळ रेषेत साधारण ४८५ किलोमीटर. जोधपूर ते सिंधमधलं हैदराबाद आणखी ४८० च्या आसपास. तिथून कराची सुमारे १३५. म्हणजे सगळी मजल अकराशे किलोमीटरची आणि तिचा मधला मोठा भाग वाळूचा.

आता मॉथची टाकी पाहा. नेहमीच्या मॉथमध्ये पेट्रोल मावायचं १९ गॅलन, म्हणजे सुमारे ८६ लिटर. त्या काळी पेट्रोल चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. जुन्या घरांत धान्य भरायला, पाणी तापवायला वापरले जायचे तसलेच डबे. असे पाच डबे म्हणजे एक टाकी.

विमानाचा वेग ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास आणि खर्च तासाला एकवीस-बावीस लिटर धरला, तर दिल्लीहून जोधपूरला जायला साधारण ३ तास ३५ मिनिटं लागतात आणि ७५ ते ७९ लिटर पेट्रोल जळतं. टाकीत उरतात सात ते अकरा लिटर. वाचणाऱ्याला वाटेल, पोहोचलं की!

पण हे झालं वारा पडलेला असताना. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला तर जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग उरतो १०५. तेच अंतर कापायला साडेचार तासांहून जास्त वेळ लागतो आणि पेट्रोल लागतं शंभर लिटरच्या घरात. टाकी आहे ८६ लिटरची! जोधपूरचा किल्ला क्षितिजावर दिसण्याआधीच इंजिन गप्प होणार. आणि उन्हाळ्यात या भागात वारा वाहतो तो बहुधा पश्चिमेकडूनच, म्हणजे कराचीकडे निघालेल्याच्या थेट तोंडावर.

म्हणून जादा टाकी बसवायची, नाहीतर वाटेत उतरायची सोय पाहायची. दोन्हींत किंमत मोजावी लागते. जादा टाकी म्हणजे जादा वजन. एक लिटर पेट्रोल साधारण ७२० ग्रॅम भरतं. चाळीस लिटर वाढवले तर जवळजवळ तीस किलो वाढले. तेवढं टपाल कमी करावं लागणार. वाटेत उतरायचं तर तिथे सपाट जमीन हवी, पेट्रोलचे डबे आधीच पोहोचलेले हवेत आणि ते राखायला माणूस हवा.

या सगळ्या वाटेवर जोधपूरला महत्त्व आलं ते यामुळेच. तिथले महाराजा उमेदसिंह स्वतः विमानाचे शौकीन. त्यांनी जोधपूरला चांगलं विमानतळ उभारलं, फ्लाइंग क्लब काढला, मारवाडात जागोजाग धावपट्ट्या तयार करवल्या. पुढे युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या डच आणि फ्रेंच विमानांनाही जोधपूर हा हक्काचा थांबा झाला. प्रवाशांच्या मुक्कामासाठी विमानतळाजवळ हॉटेलसुद्धा बांधलं गेलं. वाळवंटाच्या तोंडाशी पेट्रोल, पाणी आणि पलंग मिळणारं ठिकाण म्हणजे त्या काळच्या वैमानिकाला पंढरपूरच!

वाळूत पुरलेल्या टाक्या

कराचीच्या पुढची वाट याहून बिकट. ग्वादर, जास्क, लिंगे, बुशहर, बसरा, बगदाद, मग सिरियाच्या वाळवंटाच्या मधोमध रुतबा आणि पुढे गाझा. रुतबाला विहिरी होत्या, म्हणून तिथे तटबंदीची गढी उभी राहिली आणि तिच्यात विमानप्रवाशांसाठी विश्रामगृह झालं. चारही दिशांना शेकडो किलोमीटर काही नाही आणि मधोमध चहा!

या वाळवंटात वाट चुकू नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये एक भन्नाट युक्ती केली. मोटारगाड्यांची चाकोरी आणि काही ठिकाणी नांगराने ओढलेला लांबच लांब चर. वैमानिकाने वरून ती रेघ धरून जायचं. ठरावीक अंतरावर विमान उतरवायच्या जागा आखल्या, त्यांना अक्षरं आणि आकडे दिले. काही जागी जमिनीखाली पेट्रोलच्या टाक्या पुरल्या आणि त्यांना कुलपं घातली, कारण उघड्यावरचं पेट्रोल वाळवंटात राहत नाही. बंदुकीच्या गोळ्या झाडून कुलपं फोडण्याचे प्रकारही झाले. तेव्हा वैमानिकाने उतरताना नकाशाबरोबर किल्लीही सांभाळायची!

याच वाटेवर १९३० मध्ये तीन तरुण भारतीयांची शर्यत लागली होती. इंग्लंड-भारत प्रवास एकट्याने, ठरलेल्या मुदतीत करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. ॲस्पी इंजिनिअर आणि मनमोहन सिंग इंग्लंडहून. तिघेही मॉथवरच. इजिप्तमध्ये अबुकीरला टाटा उतरले तर तिथे ॲस्पी अडकून पडलेले. इंजिनच्या स्पार्क प्लगने दगा दिला होता आणि जवळ दुसरा नव्हता. टाटांनी आपल्याकडचा जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. त्या प्लगच्या जोरावर ॲस्पी पुढे गेले आणि शर्यत जिंकले. तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. हेच ॲस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारताचे हवाई दलप्रमुख झाले.

ही गोष्ट टाटांच्या दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ते खरंच आहे. पण तिच्यात आणखी एक धडा आहे. थांबा म्हणजे नुसतं पेट्रोल नव्हे. प्लग, तेल, हवेचा पंप, पिण्याचं पाणी आणि मदतीला एक माणूस, या सगळ्यांचा मिळून थांबा होतो.

बैलगाडीतून आलं पेट्रोल

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी टाटांचं पस मॉथ कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून उडालं. बरोबर टपालाच्या थैल्या. पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीचा हा पहिला दिवस. मुंबईला जुहूवर ते दुपारी पावणेदोनच्या सुमारास उतरले. मध्ये अहमदाबादला थांबा होता तो पेट्रोलसाठी. तिथे बर्मा शेल कंपनीचे चार गॅलनचे डबे आले ते चक्क बैलगाडीतून! डबे एकेक करून टाकीत ओतले आणि विमान पुन्हा आकाशात.

बैलगाडीची गंमत वाटते. पण त्या सकाळी ती गाडी वेळेवर पोहोचली नसती तर? कुणीतरी आधी पत्र धाडलं होतं, तार केली होती, डबे मोजून भरले होते, बैल पहाटे जुंपले होते. विमानाच्या प्रत्येक उड्डाणामागे जमिनीवरची अशी एक बैलगाडी असते. ती दिसत नाही एवढंच.

थांबा कसा ठरवतात?

काळ बदलला, विमानं बदलली. सफदरजंगवर पुढे सेसना आणि पुष्पकसारखी विमानं आली. पण वाळवंटावरून जाणाऱ्या छोट्या विमानाचा हिशोब आजही त्याच पद्धतीने मांडतात. तो पाहिला तर या धंद्यातली खरी मेख कळते.

उदाहरणादाखल चार जणांचं, १४५ लिटर वापरता येण्याजोगं पेट्रोल घेणारं जुन्या धाटणीचं सेसना-१७२ धरू. वेग ताशी २०० किलोमीटर, खर्च तासाला ३२ लिटर. दिल्लीहून थेट जोधपूर म्हणजे २ तास २५ मिनिटं आणि ७८ लिटर. टाकीत तर १४५ आहेत. जवळजवळ दुप्पट! मग थांबायचं कशाला?

आता शहाणा वैमानिक कागदावर काय लिहितो ते पाहा.

इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं आणि वर चढणं यासाठी ८ लिटर.
जोधपूरपर्यंत ७८ लिटर.
जोधपूरला वाळूचं वादळ असलं आणि उतरता आलं नाही, तर मागे फिरून जयपूर गाठायला २८० किलोमीटरचे ४५ लिटर.
आणि हे सगळं झाल्यावरही हातचे पाऊण तासाचे २४ लिटर.

बेरीज झाली १५५. टाकी १४५ ची. म्हणजे जी टाकी दुप्पट वाटत होती ती दहा लिटरनं कमी पडली!

आता हाच प्रवास जयपूरला थांबून करू. दिल्ली-जयपूर २४० किलोमीटर, ३८ लिटर. तिथे टाकी भरली. जयपूर-जोधपूर ४५ लिटर, गरज पडल्यास परत जयपूर ४५, चढायला ८, हातचे २४. बेरीज १२२. तेवीस लिटर शिल्लक. वारा थोडा उलटा फिरला तरी जीव टांगणीला लागत नाही. एका थांब्याने तासभर गेला, पण रात्रीची झोप आली.

हातचं पेट्रोल किती असावं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. दिवसा, डोळ्यांनी जमीन बघत उडणाऱ्या छोट्या विमानाला निदान अर्ध्या तासाचं आणि रात्री पाऊण तासाचं पेट्रोल शिल्लक ठेवून उतरता आलं पाहिजे. वाळवंटावरून जाणारे दिवसासुद्धा पाऊण तास किंवा त्याहून जास्त धरतात. नियम किमान सांगतो, वाळवंट कमाल मागतं.

याशिवाय प्रत्येक टप्प्यावर एक बिंदू आधीच नकाशावर खुणेने दाखवतात. त्या बिंदूपर्यंत मागे फिरून सुखरूप परतता येतं. तो ओलांडला की पुढे जाण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे पोहोचायची वेळ घड्याळात धरून ठेवायची आणि त्या क्षणी काटा, वारा आणि पुढचं आकाश पाहून निर्णय घ्यायचा. 'आणखी दहा मिनिटं बघू' हे वाक्य घात करतं.

ऊन, वाळू आणि पाण्याचा थेंब

वाळवंटातलं पेट्रोल नुसतं मिळून भागत नाही, ते स्वच्छ हवं. दिवसा पंचेचाळीस अंश आणि रात्री गारवा. अर्ध्या भरलेल्या टाकीत किंवा पिंपात हवेतली वाफ थंड होऊन पाण्याचे थेंब बनतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि इंजिनकडे जाणारी नळीही तळाशीच असते. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीच टाकी काठोकाठ भरून ठेवायची आणि सकाळी तळातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून पाहायचं. जुन्या काळी डब्यातलं पेट्रोल हरणाच्या किंवा मेंढीच्या मऊ कातड्यातून गाळून ओतत. त्यातून पेट्रोल जातं, पाणी आणि वाळू अडते. आईने दूध गाळावं तसं वैमानिक पेट्रोल गाळत.

पेट्रोल ओतताना डबा, पिंप आणि विमान तारेने एकमेकांना जोडून जमिनीशी जोडायचं, कारण कोरड्या हवेत विजेची ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

आणखी एक शत्रू म्हणजे दुपार. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनचा जोर घटतो. पहाटे ज्या धावपट्टीवरून भरल्या टाकीने विमान सहज उठतं, तिथूनच दुपारी दोन वाजता उठेल याची खात्री नाही. १४५ लिटर पेट्रोलचं वजनच १०४ किलो. म्हणून भरली टाकी आणि चार माणसं ही चैन बहुतेक वेळा परवडत नाही. टाटांनी पहाट गाठली ती उगीच नव्हे.

आणि आंधी! उत्तर भारतातलं उन्हाळ्यातलं हे धुळीचं वादळ अर्ध्या तासात विमानतळ झाकून टाकतं. त्यासाठीच तर परतीचे ते ४५ लिटर.

आठ दिवस, दोन गॅलन पाणी

हिशोब चुकला तर काय होतं? कधी कधी हिशोब बरोबर असूनही इंजिन दगा देतं. इंग्लंडचा बिल लँकेस्टर हा नावाजलेला वैमानिक एप्रिल १९३३ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला निघाला. सहारात रेगान सोडल्यावर रात्री इंजिन बिघडलं आणि विमान वाळूत उतरून उलटलं. त्याच्याजवळ दोन गॅलन, म्हणजे नऊ लिटर पाणी होतं. विमानाजवळच थांबून तो शोधपथकाची वाट पाहत राहिला आणि रोज वहीत लिहीत राहिला. आठ दिवस तो जगला. शोधणारे भलतीकडे शोधत होते. त्याचं विमान, त्याचा देह आणि ती वही फ्रेंच सैनिकांना सापडली ती १९६२ मध्ये, एकोणतीस वर्षांनी!

म्हणून थांब्यांची यादी आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचायची वेळ मागे कुणाकडे तरी ठेवून जायची, ठरलेली वाट सोडायची नाही आणि माणशी पाणी पेट्रोलइतक्याच काटेकोरपणे मोजायचं. घरातून निघताना 'पोहोचल्यावर फोन कर' असं आई बजावते, त्याचंच हे वैमानिकी रूप.

आजची अडचण

आज पेट्रोल सगळीकडे आहे, मग अडचण काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मोठी जेट विमानं रॉकेलच्या जातीचं इंधन वापरतात. सेसनासारख्या छोट्या विमानाच्या इंजिनाला 'ॲव्हगॅस' नावाचं खास पेट्रोल लागतं. ते निळसर दिसावं म्हणून त्यात रंग घालतात, चुकून दुसरं भरलं जाऊ नये यासाठी. मोठ्या विमानतळावर जेटच्या इंधनाचे टँकर उभे असतात, पण ॲव्हगॅस असेलच असं नाही. भारत हे इंधन वर्षानुवर्षं परदेशातून आणत होता. इंडियन ऑइलने ते बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये.

त्यामुळे थरच्या बाजूला जाणाऱ्याला आजही आधी चौकशी करावी लागते, वेळ पडली तर पिंपं रस्त्याने पुढे पाठवावी लागतात. बैलगाडीच्या जागी टेंपो आला, इतकाच फरक. शिवाय जोधपूर, जैसलमेर ही विमानतळं हवाई दलाची. सीमा जवळ. मनात आलं आणि उतरलं असं तिथे चालत नाही. परवानगी आधी, उड्डाण नंतर.

काही हलक्या विमानांना मोटारीचं पेट्रोल चालतं. पण त्यातही आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. इंजिनला किती इथेनॉल चालेल हे पाहूनच भरावं लागतं.

तरीही धाडसी माणसं निघतातच. मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया १९८८ मध्ये लंडनहून भारतापर्यंत चिमुकल्या मायक्रोलाइटमधून तेवीस दिवसांत आले. बोरिवलीची आरोही पंडित २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली महिला ठरली. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केलं. जीपीएस नाही आणि पेट्रोल साठ लिटरहून कमी. १९७१ च्या युद्धात बॉम्बहल्ल्याने उखडलेली भूजची धावपट्टी माधापरच्या बायकांनी रात्रंदिवस खपून दुरुस्त केली होती. त्याच भूजहून कच्छच्या रणाच्या कडेने ही मुलगी निघाली!

भिंतीपलीकडे

सफदरजंगवर यानंतरही बरंच घडलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीर वाचवायला निघालेल्या सैनिकांची डाकोटा विमानं इथून आणि पालमहून उडाली. प्रवासी वाहतूक १९६२ पर्यंत पालमला गेली. २३ जून १९८० रोजी संजय गांधींचं विमान इथूनच उडालं आणि काही मिनिटांत कोसळलं. २००१ नंतर सुरक्षेच्या कारणावरून फ्लाइंग क्लबची उड्डाणंही थांबली.

पण गंमत अशी, की वाळवंटावरून जाऊ पाहणाऱ्या वैमानिकाची वाट आजही याच परिसरातून जाते. देशातली विमानतळं सांभाळणाऱ्या प्राधिकरणाचं मुख्यालय विमानतळाच्या आवारातल्या राजीव गांधी भवनात आहे. वैमानिकांना परवाने देणारं डीजीसीएचं कार्यालय समोरच. हवामान खात्याचं मौसम भवनही लोदी रोडला, जवळच. वारा कुठला, उतरायचं कुठे आणि उडायचं की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका मोठ्या फेरफटक्याच्या अंतरात!

दिल्लीला गेलात तर सरोजिनी नगरचा बाजार जरूर पाहा. सोमवारी मात्र तो बंद असतो. यलो लाइनच्या जोर बाग स्टेशनवर उतरून सफदरजंगचा मकबरा बघा आणि तिथून अरविंद मार्गाने विमानतळाच्या भिंतीलगत चालत या. आत जायला मुभा नाही, फाटकावर पहारा असतो. पण झाडांमधून मैदान दिसतं. नव्वद वर्षांपूर्वी याच मैदानावर कुणी वैमानिक पत्र्याचे डबे मोजत उभा असेल. वाऱ्याचा अंदाज घेत, जोधपूरपर्यंत पाच पुरतील की सहा घ्यावेत याचा विचार करत. बरोबरच्या थैलीत कुणाची तरी खुशालीची पत्रं. ती कराचीला पोहोचावीत म्हणून त्याने सहावा डबा घेतला असेल, तर शहाणाच म्हणायचा.